आईच्या औषधोपचारांचा व्याप मोजायचा कसा?

मधुरा_चिंचवड
आई ७१ वर्षांची, कराडला बाबांबरोबर असते. मधुमेह, बीपी, थायरॉइड, गुडघेदुखी आणि आता हाडांचा ठिसूळपणा. प्रत्येक डॉक्टरांचा कागद आपापल्या जागी बरोबरच आहे, पण ते सगळे एकाच बाईला पाळायचे आहेत हे कुठल्याच केसपेपरवर दिसत नाही.

सकाळचंच बघा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, मग अर्धा-पाऊण तास चहा नाही. रविवारी हाडांची गोळी, तीही उपाशीपोटी आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायचं. मेटफॉर्मिन जेवणासोबत. संकष्टीला तर जेवणच चंद्रोदयानंतर, आणि उपास सोडायला ती तयार नाही.

शुगर किती, बीपी किती, हे डॉक्टर विचारतात. या खटाटोपाचा असा काही आकडा निघतो का? "आईला फार होतंय हो" म्हटलं की मान डोलावतात आणि पुढची गोळी लिहितात.

पीएसएम_रेसिडेंट
निघतो. २००५ साली अमेरिकेत सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई कागदावर उभी केली. मधुमेह, बीपी, ठिसूळ हाडं, झिजलेले सांधे. तुमच्या आईंच्या थायरॉइडऐवजी तिला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वं तंतोतंत पाळायची तर १२ औषधं, दिवसाला १९ डोस आणि महिन्याला ४०६ डॉलर लागत होते. पथ्य-व्यायाम वेगळेच.

मोजायला प्रश्नावल्या आहेत. घरी वापरायला मला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची बरी वाटते, पॉली डंकन यांच्या गटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेली. दहा प्रश्न: औषधं लक्षात ठेवणं, आणणं, अपॉइंटमेंट घेणं, निरनिराळ्या डॉक्टरांकडे जाणं, सवयी बदलणं, घरच्यांवर अवलंबून राहणं वगैरे किती अवघड जातं? उत्तराला ० ते ४ गुण, सरासरीला २५ ने गुणायचं. शंभरापैकी २२ किंवा जास्त आले तर भार जास्त. ऐकायला कमी वाटतं, पण बरेच लोक बहुतेक प्रश्नांना शून्यच देतात.

डॉक्टरांना मात्र बेरीज दाखवू नका. तिच्यावरून काय कमी करायचं ते कळत नाही. ज्या ओळीला ३ किंवा ४ आले ती ओळ दाखवा.

तात्या_इचलकरंजी
मी स्वतः पेशंट, हार्ट आणि शुगर. गोळ्यांचं काही वाटत नाही, आठवड्याच्या डबीत भरल्या की झालं. जीव जातो तो तपासणीच्या दिवशी. उपाशी रक्त द्या, खाऊन दोन तासांनी पुन्हा द्या, मग रिपोर्ट, मग डॉक्टरकडे नंबर. नातू गाडीवरून नेतो, त्याचा कामाचा खाडा पडतो. तुमच्या त्या प्रश्नांत पैशाचं विचारतात का? साहेबांच्या देशात कदाचित लागत नसेल.

पीएसएम_रेसिडेंट
तात्या, खर्चाचा प्रश्न पॅरिसच्या ट्रान आणि रावो यांच्या प्रश्नावलीत आहे. तिच्या इंग्रजी आवृत्तीत १५ प्रश्न, प्रत्येकी दहापैकी गुण. आपल्याकडे तो गाळून चालणारच नाही.

मधुरा_चिंचवड
काल फोनवर आईला दहाही विचारले. गोळ्या लक्षात ठेवणं? "ते बाबा बघतात." औषधं आणणं? "बाबा." अपॉइंटमेंट? "तू घेतेस ना." घरच्यांवर अवलंबून? "अगं, घरच्यांवर काय अवलंबून!" "लागू नाही"लाही शून्यच धरायचं आहे, त्यामुळे आईचा भार जवळपास नाहीच.

मग तेच बाबांना विचारले. ते ७६ चे आहेत. औषधं आणणं याला त्यांनी थेट ४ दिले. मेडिकलवाला दर वेळी वेगळ्या कंपनीची पट्टी देतो, गोळीचा रंग बदलतो. मग ते मला फोन करून पट्टीवरचं एकेक अक्षर वाचून दाखवतात. हे मला आजवर "बाबांना फोनवर बोलायला आवडतं" असंच वाटायचं.

पीएसएम_रेसिडेंट
ताई, खरा आकडा हाच. ही प्रश्नावली पेशंटसाठी बनवलेली आहे. आपल्याकडे औषधांचं काम बरेचदा नवरा, सून, मुलगी करते आणि पेशंटच्या कागदावर शून्य उमटतं. बाबांचा कागद वेगळा करा आणि दोन्ही घेऊन जा.

फिजिशियनना नेमकं विचारा: दर वेळी उपाशी आणि जेवणानंतरची शुगर हवीच का, की एचबीए१सीवर (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) भागेल? त्याला उपाशी राहावं लागत नाही. (तात्या, तुम्हीही विचारा.) दोन गोळ्यांची एक होते का? कुठली बंद करता येईल? चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून मागा, म्हणजे बाबा कंपनीऐवजी ते जुळवतील. संकष्टीला कुठली गोळी कधी, तेही तिथेच लिहून घ्या. स्वतःहून मात्र काही थांबवू नका.

तात्या_इचलकरंजी
मराठीत करून टाका की ते दहा प्रश्न इथे.

पीएसएम_रेसिडेंट
घरी विचारण्यापुरतं कोणीही करावं. थिसिसला वापरायचं तर मूळ लेखकांची परवानगी, दोघांकडून वेगवेगळं भाषांतर, उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजी) आणि मग पेशंटना वाचून दाखवणं, एवढं सगळं लागतं. माझे गाईड अजून हो म्हणालेले नाहीत.