ब्लोअरमध्ये पाणी शिरतंय, काय करू?

मंडळी नमस्कार,
गड्डा यात्रा होईपर्यंत सोलापुरातच आहे. बाबांच्या गुडघ्यांसाठी जुळे सोलापूरच्या घरी दोन वर्षांपूर्वी हॉट टब बसवला होता (हो, सोलापुरात हॉट टब, हसून घ्या एकदा), त्याचा बुडबुड्यांचा ब्लोअर परवा दुसऱ्यांदा गेला. रिवायंडिंगवाल्याने उघडून आडवा धरला तर तांब्याभर पाणी सांडलं, आत सगळीकडे पांढरा क्षार. ब्लोअर टबाशेजारी खड्ड्यात आहे, दिसू नये म्हणून. दुरुस्तीनंतर मिस्त्रीने लाइनीत एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारी झडप) टाकला, बोअरला टाकतात तोच पितळी, तर आता पाणी कमी शिरतं पण बुडबुडेच येईनात. तो म्हणायलाय, "साहेब, ब्लोअरात दम नाही, मोठा घ्या." घेऊ का?
— माजी खजिनदार

दादा, मोठा अजिबात घेऊ नका, बिचाऱ्या ब्लोअरचा दोष नाही. हवेची भोकं टबाच्या तळाला, म्हणजे ब्लोअर बंद झाला की पाणी त्याच पाइपातून मागे येऊन टबाच्या पातळीपर्यंत चढणारच, आणि तुमचा ब्लोअर त्या पातळीच्या खाली बसलाय, मग ते थेट त्याच्या पोटात. पितळी झडप पंपाच्या जोरावर उघडते, ब्लोअरच्या फुंकरीने ती काय उघडणार! हवेचा वेगळा व्हॉल्व्ह मिळतो, अर्ध्या पौंडाच्या स्प्रिंगचा, तोसुद्धा ३५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब खातो, पाव पौंडाचा मिळाला तर उत्तम. बसवताना त्यावरचा बाण टबाकडे.

पण नुसत्या व्हॉल्व्हवर विसंबू नका. तुमच्या बोअरच्या क्षाराने त्याची सील कधी ना कधी गळणारच. पाइप टबाकडून आधी वर न्या, माणसं बसल्यावर पाणी जिथवर चढतं त्याच्याही फूटभर वर, तिथून उलट्या यूसारखा वळवून खाली ब्लोअरकडे. व्हॉल्व्ह टबाच्या बाजूच्या उभ्या पाइपात, पाण्याच्या पातळीच्या वर, म्हणजे पुढच्या वेळी टब न उपसता बदलता येईल. दिसतो वाईट, मान्य, आमच्या ह्यांनी त्यावर मनीप्लांट सोडलाय. माझा असाच खाली होता, इथल्या थंडीत आतलं पाणी गोठून पाइपच फुटला तेव्हा अक्कल आली.

आणि ब्लोअर ओला झालाय म्हणजे ईएलसीबीचं (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून बघा. ते होईपर्यंत काकांना टबात उतरवू नका, गुडघे चार दिवस थांबतील.

एक विचारू का? लाइट जाते तेव्हा काय होतं? आमच्या माहेरी होटगी रोडला लाइट दिवसातून दोनदा जायची आणि प्रत्येक वेळी ब्लोअर आपोआपच बंद पडणार ना, म्हणजे तुम्ही नसतानाही पाणी येतच असणार. आणि कापाकापीसाठी टब रिकामा करावाच लागेल, ते पाणी ओतून देऊ नका हो, तिकडे नळ कधी येतो माहितीये मला.
— सोलापूरची माहेरवाशीण

ताई, तेच झालं असणार, मागच्या आठवड्यात लाइट तीनदा गेली. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, म्हणून केटररकडून २०० लिटरची पाच पिंपं आणली, टबातलं सगळं पाणी त्यात काढलं आणि काम झाल्यावर परत टबात. मिस्त्री कमानीवर नाराज होता, "गच्चीच्या पन्हाळीसारखं दिसतंय" म्हणाला, पण केली. व्हॉल्व्हच्या खाली हातभर पारदर्शक पाइप टाकून घेतला. काल संध्याकाळी बाबा टबात असतानाच लाइट गेली, मी मोबाइलचा टॉर्च लावून बघालोय तर पाणी सरसर चढलं, टबाच्या पातळीला एकदा हललं आणि तिथंच थांबलं, ब्लोअरकडचा पाइप कोरडा ठणठणीत. बाबा अंधारातनं ओरडतायत, "अरे बुडबुडे का बंद केलास?"