मदत हवी आहे: पेट शॉपमधल्या आजारी गेकोला घरी आणू का?

एका पेट शॉपमध्ये लेपर्ड गेको (पाळतात ती ठिपकेवाली पाल) आहे, त्याची अवस्था अक्षरशः बघवत नाही. यांची चरबी शेपटीत साठते म्हणून ती चांगली जाड असते, याची पार काडी झालीये, आणि कात नीट न निघाल्यामुळे बोटांवर जुन्या कातडीच्या रिंगा आवळल्यात, तसंच राहिलं तर रक्त बंद होऊन बोटं झडतात. टाकीत लपायला जागा नाही, पाण्याची वाटी कोरडी. दुकानदार म्हणतो हे असेच असतात!

खूप वाटतंय घेऊन यावं, पण पैसे देऊन घेतला तर उद्या त्याच टाकीत दुसरा येणार ना? शिवाय घरी आधीच एक गेको आहे आणि क्रिप्टो या आतड्यातल्या संसर्गजन्य परजीवीमुळेही शेपटी अशीच वाळते, त्यावर खात्रीचा इलाज नाही, म्हणून आणलाच तर वेगळी खोली, वेगळे चिमटे, विष्ठेची तपासणी, दोन-तीन महिने क्वारंटाइन, एवढी तयारी आहे माझी.

कोणी असा आणलाय का, वाचला का तो? दुकानदाराकडे फुकट मागून बघू की आधी तक्रार करू? आणि तोवर निदान ओलसर टिशूचा डबा टाकीत ठेवा, कात सुटेल, हे त्याला न दुखावता कसं सांगू? प्लीज लवकर सांगा.