शब्दचर्चा : कोलंबाइनची ‘शुंडिका’

प्रश्न : पुण्यातील आमचा गट हिमालयातील डोंगरफुलांवर एक मराठी पुस्तिका तयार करत आहे. कोलंबाइनच्या पाकळ्यांमागे निघणाऱ्या नळीला ‘काटा’ म्हणावे का? आणि या फुलाला मराठी नाव द्यावे का?

उत्तर : ‘काटा’ कृपया लिहू नये. काटा भरीव असतो आणि झाडाचे रक्षण करतो. ही नळी पोकळ असते आणि तिच्या टोकाशी मकरंद साठतो. तेरड्याच्या वर्णनात अशा भागाला ‘शुंडिका’ म्हणतात. तोच शब्द येथे वापरावा. जुन्नरच्या डोंगरांत पावसाळा सरताना फुलणारी निळवंती कोलंबाइनच्याच मोरवेल कुलातील आहे, त्यामुळे पुण्याच्या वाचकाला ती दाखवून शुंडिका सहज समजावता येईल. मात्र निळवंतीची बाहेरून दिसणारी एकमेव शुंडिका वरच्या संदलाची (पाकळ्यांबाहेरच्या वलयातील दलाची) असते, तर कोलंबाइनच्या पाचही प्रदलांना (पाकळ्यांना) स्वतंत्र शुंडिका असतात, हा फरक पुस्तिकेत अवश्य यावा.

हा शब्द नेमका असणे का गरजेचे आहे, हे कोलंबाइनच्या (शास्त्रीय नाव ॲक्विलेजिया) डोंगरी जातींवरून पटते. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात खालच्या उंचीवरील ॲक्विलेजिया फॉर्मोसाची लाल, खाली झुकलेली फुले आखूड शुंडिकांची असून त्यांवर हमिंगबर्ड येतात. अधिक उंचीवरील ॲक्विलेजिया प्युबेसेन्सची फिकट, वर पाहणारी फुले लांब शुंडिकांची असून त्यांवर लांब सोंडेचे हॉकमॉथ पतंग येतात. कोलोरॅडोतील निळ्या कोलंबाइनचा एक प्रकार तर विलक्षणच आहे : एका जनुकातील बदलामुळे त्याच्या फुलात प्रदलांच्या जागी संदलेच येतात, म्हणून शुंडिका नाही आणि मकरंदही नाही. असे फूल टिकू नये असे वाटते, परंतु 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हरणे आणि मावा या फुलांना कमी उपद्रव देतात असे दिसले, आणि तेथील एका ठिकाणी सुमारे एक चतुर्थांश झाडे याच प्रकारची होती.

नावाबाबत माझे मत ‘कोलंबाइन’च ठेवावे असे आहे. लॅटिनमधील कबुतरवाचक शब्दावरून ते आले आहे, पण त्यावरून ‘कपोतपुष्प’ घडवले तर कोणते फूल हे कोणालाच कळणार नाही.

पुरवणी : ‘शुंडिकाहीन’ शब्द वापरताना ‘जात’ आणि ‘प्रकार’ यांत गल्लत होऊ देऊ नये. चीनमधील ॲक्विलेजिया एकॅल्कराटा ही शुंडिकाहीन जात आहे, कोलोरॅडोतील वर सांगितलेला मात्र एका जातीचा शुंडिकाहीन प्रकार आहे.