कायद्याने लग्न नाही म्हणून काय काय सोसलं: समलिंगी जोडप्यांचे आणि घरच्यांचे अनुभव

रानजाई
काल ऑफिसातल्या एकीच्या रजिस्टर लग्नाला गेले होते. भिंतीवर विशेष विवाह कायद्याच्या नोटिशा लावलेल्या, त्या वाचता वाचता 17 ऑक्टोबर 2023 आठवला, समलिंगी लग्नांवर सुप्रीम कोर्टाने निकाल दिला तो दिवस. नवरात्राची तिसरी माळ. आम्ही दोघींनी रजा टाकली होती, सकाळीच शिरा करून ठेवला होता. टीव्हीवर पाच न्यायाधीशांपैकी आधी सरन्यायाधीश चंद्रचूड, मग न्या. कौल. दोघांचं ऐकून वाटलं, काहीतरी पदरात पडतंय. मग न्या. भट वाचायला लागले आणि ही उठून गॅलरीत गेली. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचं एकमत, सिव्हिल युनियन, म्हणजे लग्न नाही तर निदान जोडीदार म्हणून कायदेशीर मान्यता, तेही 3 विरुद्ध 2 ने गेलं. दुपारी हिच्या आईचा फोन. निकालाबद्दल अवाक्षर नाही, फक्त "जेवलात का गं दोघी?"
लिहा. स्वतःचं, भावंडांचं, मुलांचं.

तिरफळ
आमच्यावर वेळ आली आयसीयूबाहेर. सही रक्ताच्या नात्यातल्याचीच हवी म्हणाले. त्याचा भाऊ नागपूरहून निघाला, तोवर मी बाकावर बसून. पेनिसिलिन चालत नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं मलाच ठाऊक. भावाने येऊन पेन हातात घेतलं आणि मलाच विचारलं, "काय करू रे?"
तो गेला. वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी भावाने दिला, मी गर्दीत मागे. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, हप्ते दोघांचे. आईवडिलांनी विकला. त्यांच्यावर राग नाही, कायद्याने तेच वारस. मी कुंड्या तेवढ्या आणल्या.

मधुरा_डोंबिवली
तिरफळ, काय लिहू कळत नाहीये. कुकर लावलाय, रात्री येते परत.

पिंपळपान
वकील आहे म्हणून सांगतो, मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नॉमिनी लावला की काम झालं असं समजू नका, मालकी वारसांकडे जाते. आणि फरक बघा: नवऱ्याने राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. तुम्ही जोडीदाराला दिलंत तर बाजारभावावर टक्केवारीने, शहरातल्या घराचे सहज काही लाख. वर इन्कम टॅक्स, कारण तुम्ही एकमेकांचे नातेवाईक नाही.

सावली
मी दुसऱ्या बाजूची. ज्याच्याशी माझं लग्न लावलं त्याचं त्याच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. लग्न झालं की सुधारेल, म्हणून मला आणली. माझ्यातच काहीतरी खोट आहे असं धरून मी डॉक्टर केले, सोळा सोमवार केले. पांढऱ्या साबणाने घासघासून चेहरा धुवायचे, गोरी दिसले तर बघेल म्हणून. आता तो त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो, आमचं बोलणं आहे. त्याला हवं त्याच्याशी उजळ माथ्याने लग्न करता आलं असतं तर माझी ती वर्षं वाचली असती. आमच्यासारख्यांना कोणी मोजतच नाही.

रानजाई
सावली, तू लिहिलंस ते फार बरं केलंस.

शमाकाकू
माझा मुलगा नेदरलँड्सला. तिथे 2001 पासून अशी लग्नं होतात. नगरपालिकेत लग्न झालं, मी नऊवारी नेसून गेले होते. ह्यांची बायपास झाल्यावर दोघं कायमचे इकडे यायचं म्हणत होते, पण जावयाला नवरा म्हणून इथे राहायचा व्हिसा नाही. मुलगा एकटा येतो, सुट्टी संपली की जातो. म्हातारपणी मुलगा जवळ हवा असं आम्हाला वाटणारच ना? जावई गुणी आहे. दिवाळीला व्हिडिओ कॉलवर करंज्या तळतो, पण सगळ्या तेलात उकलतात.

मधुरा_डोंबिवली
काकू, मोहन जास्त होत असेल. आणि कडेला दुधाचं बोट फिरवून दाबायला सांगा.

कृष्णाकाठ
आम्ही मावसबहिणी म्हणून भाड्याने राहतो. घरमालकीण प्रेमळ आहे, दोघींसाठी स्थळं आणते. प्रत्येक वेळी नवीन खोटं बोलायचं, त्याचा शीण येतो.
एक चांगलं सांगते. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ खात्याने स्पष्ट केलं की आपल्याला जॉइंट खातं काढायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. शाखेत कुणाला पत्ताच नव्हता. कागद छापून नेला, साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचला, मग खातं झालं. रेशनकार्डालाही एक कुटुंब धरा असं केंद्राने सांगितलंय. मूल दत्तक मात्र दोघींच्या नावाने घेता येत नाही. एकीने आई व्हायचं, दुसरी कागदोपत्री कोणीच नाही. उद्या आईला काही झालं तर मुलाला कुणाकडे देतील, ह्या एका विचाराने आम्ही अर्ज भरून तसाच ठेवलाय.

तिरफळ
कृष्णाकाठ, मृत्युपत्रात मुलाचा पालकही नेमून ठेवता येतो ना? पिंपळपान सांगतील.

पिंपळपान
नेमता येतो, पण वाद झाला तर कोर्ट मुलाचं हित बघून ठरवतं, त्यामुळे हमी नाही. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालावरच्या फेरविचार याचिकाही फेटाळल्या, तेव्हा सध्या आहे त्यातूनच वाट काढायची. मात्र मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यात, मानसिक आजाराच्या उपचारांपुरतं, आपला प्रतिनिधी म्हणून कोणाही सज्ञान माणसाला नेमता येतं, त्याचा कागद आत्ताच करून ठेवा. मेसेज करा, मसुदा पाठवतो. फी नको.

शमाकाकू
मधुरा, कळवलं त्याला. मैदा की रवा विचारतोय.