मोकळ्या मैदानात मेटल डिटेक्टर फिरवताना जागा सुटते, स्विंग कसा ठेवता?

नवा_हेडफोन:
नमस्कार मंडळी. मशीन घेऊन सात-आठ महिने झालेत, व्हीएलएफ (कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं नेहमीचं मशीन) आहे, त्याच्यासोबत आलेली ११ इंची डीडी कॉइलच (दांड्याच्या टोकाची चकती, आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी) वापरतो. आधी झाडांखाली, पायवाटेच्या कडेला असं थोड्या जागेत फिरवायचो तेव्हा काही वाटलं नाही पण आता एका मोठ्या गवताळ मैदानाची परवानगी मिळालीये, मालक म्हणाले खड्डे नीट बुजवा आणि कधीही या, आणि तिथे माझी पार गडबड होतेय. मागच्या आठवड्यात एक पट्टा पूर्ण झाला समजून पुढे गेलो, परत येताना सहज त्याच पट्ट्यातून मशीन चालू ठेवून आलो तर दोन चांगले सिग्नल, त्यातला एक तर जेमतेम चार बोटं खाली. इतक्या वर असलेली वस्तू मशीनला कळत नाही असं होणारच नाही, म्हणजे पहिल्या वेळी कॉइल त्यावरून गेलीच नव्हती.
स्विंग किती रुंद घ्यायचा, वेग किती, पाऊल किती टाकायचं? आणि दोन तासांनी उजवा खांदा भरून येतो तो वेगळाच.

संथ_कॉइल:
भाऊ, एकदा सकाळी दव असताना जा. कॉइल गवताला घासत गेली की दव झडतं आणि तिथे गडद पट्टा उमटतो. दहा मिनिटं नेहमीसारखं चाला आणि मग मागे वळून बघा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मध्यभागी सगळं गडद, आणि दोन्ही कडांना पांढऱ्या दवाचे त्रिकोण तसेच शिल्लक, एक डावीकडे एक उजवीकडे असे करवतीच्या दातांसारखे. कारण सोपं आहे, आपण चालता चालता स्विंग करतो त्यामुळे कॉइल आडवी न जाता तिरकी जाते, डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत आपण अर्धं पाऊल पुढे गेलेलो असतो आणि वळताना कडेला पाचर सुटते. जितका रुंद स्विंग आणि जितकं लांब पाऊल तितकी पाचर मोठी. तुमचे दोन सिग्नल बहुतेक अशाच पाचरीत होते.
उपाय म्हणजे स्विंग चालू असताना पुढे सरकायचंच नाही. कॉइल एका टोकाला पोचली की अर्धं पाऊल, मग सरळ आडवा स्विंग, मग दुसऱ्या टोकाला परत अर्धं पाऊल. सुरुवातीला फार अडखळल्यासारखं वाटतं पण तासाभरात पायाला लय सापडते. पाऊल किती, तर डीडी कॉइल जमिनीत साधारण सुरीच्या पात्यासारखा पट्टा वाचते, कॉइलच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, म्हणून ११ इंचीला म्हणजे २८ सेंमीला दर स्विंगला १८-२० सेंमी सरकलं तर ओव्हरलॅप पुरतो. कॉन्सेन्ट्रिक (एकात एक गोल वेटोळी असलेली) कॉइल असेल तर तिचं क्षेत्र उलट्या शंकूसारखं खाली निमुळतं होत जातं, खोलवर फक्त मधला भागच ऐकू येतो, तिला निम्मा ओव्हरलॅप द्यायलाच हवा.
दुसरी चूक आपण सगळेच करतो, टोकाला कॉइल वर उचलली जाते, घड्याळाच्या लंबकासारखी. मध्ये दोन सेंमीवर असलेली कॉइल टोकाला दहा सेंमीवर गेली की तिथे आठ सेंमी खोली हातची गेली. नाण्याएवढ्या वस्तूला बऱ्याच मशीनची पोच २०-२५ सेंमीच असते, त्यात आठ गेल्यावर राहिलं काय? वर उचलल्यावर जमिनीचा आवाज पण बदलतो आणि टोकाला खोटे सिग्नल येतात ते वेगळंच. मोबाईल समोर जमिनीवर टेकवून स्वतःचा व्हिडिओ काढा, लगेच दिसेल.

दोरी_खुंटी:
वरचं सगळं बरोबर, दवाचं तर एकदम पटलं. मी फक्त हिशोब देतो म्हणजे मैदान बघून घाई होणार नाही. १.२ मीटरचा स्विंग आणि २० सेंमी पाऊल म्हणजे एका स्विंगला ०.२४ चौरस मीटर. एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला अडीच सेकंद धरले तर १०० चौरस मीटरला सव्वाचारशेच्या आसपास स्विंग, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं, आणि एका एकराला जवळपास १७ हजार स्विंग, पावणेबारा तास. खणायचा वेळ यात धरलेलाच नाही. त्यामुळे "आज मैदान उरकतो" हे डोक्यातून काढा, ते होत नाही, आणि करायला गेलात की पाऊल आपोआप लांब पडतं.
मी मोठ्या जागेत आधी नुसता अंदाज घेतो. आठ-दहा मीटर अंतर ठेवून उभ्या फेऱ्या मारायच्या, डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणारं सेटिंग) कमी ठेवायचं म्हणजे लोखंड पण ऐकू येतं, आणि कुठे खिळे, पत्र्याचे तुकडे जास्त बोलतात ते कागदावर मांडायचं. जिथे जुने खिळे जास्त तिथे कधीतरी माणसांचा वावर होता, बाकीच्या वस्तू पण तिथेच असतात. पूर्ण गप्प असलेल्या कोपऱ्यात पावणेबारा तास घालवण्यात अर्थ नाही.
मग अशा बोलक्या जागी दोन खुंट्या, त्यांच्यामध्ये दोरी, आणि दोरीपासून एक-सव्वा मीटरचा पट्टा. भूसुरुंग काढणारे पण साधारण एक मीटर रुंदीच्या आखलेल्या पट्ट्यातच काम करतात, त्यांना तर एक पाचर सुटून चालतच नाही. पट्टा संपला की दोरी सरकवायची, ती नेमकी नवीन पट्ट्याच्या कडेला नाही तर जुन्या पट्ट्याच्या एक वीतभर आत. सगळं झालं की तोच चौकोन काटकोनात परत करायचा. उभं राहिलेलं नाणं किंवा खिळ्याशेजारी लपलेली वस्तू एका दिशेने गप्प राहते आणि दुसऱ्या दिशेने स्पष्ट बोलते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता आडवी फेरी मारल्याशिवाय मी जागा सोडत नाही.
आणि एक, कागदावर सापडलेली प्रत्येक वस्तू मांडत जा. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सनला एका शेतकऱ्याचा शेतात हरवलेला हातोडा शोधताना रोमन काळातली सुमारे १५ हजार नाणी सापडली. शोधणाऱ्याने सगळं उपसलं नाही, थांबून कळवलं, त्यामुळे पुरातत्त्वाच्या लोकांना ती ठेवलेल्या अवस्थेत बघता आली. एकाच ठिकाणी एकामागून एक जुन्या वस्तू यायला लागल्या तर तुम्ही पण थांबा, तिथे खणू नका आणि कळवा.

झपझप:
वेगाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. इथे सगळे संथ संथ म्हणतात पण मोकळ्या, कचरा नसलेल्या जमिनीत आजकालची फास्ट रिकव्हरी (एका सिग्नलनंतर लगेच पुढचा ओळखणं) असलेली मशीन एका बाजूला दीड सेकंदात पण नाणं सोडत नाहीत आणि व्हीएलएफ मशीनला कॉइल हलती लागतेच, फार रेंगाळलात तर खोलवरचा सिग्नल पसरट होऊन कानाला कळतच नाही. माझ्या मते वेग ऐकून ठरवायचा, सांगोवांगी नाही. एक नाणं १५ सेंमी खोल पुरा, माती दाबून घ्या, आणि हळू, मध्यम, जोरात असं त्यावरून जा. कुठल्या वेगाला आवाज तुटतो ते पाठ करा आणि त्याच्या थोडं खाली रहा. कचरा आला की निम्म्यावर.

संथ_कॉइल:
@झपझप पुरून बघण्याबद्दल पूर्ण सहमत, फक्त नुकतं पुरलेलं नाणं आणि वर्षानुवर्षं मातीत असलेलं नाणं सारखं बोलत नाही एवढं लक्षात ठेवून. आणि पल्स इंडक्शन (सतत नाही तर झटक्याझटक्याने लहरी सोडणाऱ्या) मशीनवाल्यांनी हा दीड सेकंद मनावर घेऊ नये, त्या मशीनला खरंच हळू जावं लागतं.

नवा_हेडफोन:
खूप आभार सगळ्यांचे. व्हिडिओ काढला, दोन्ही टोकांना कॉइल उचलतोय, उजवीकडे तर चांगली वीतभर. खाली ठेवायला गेलो की मनगट दुखतं, खांद्याचं कोणी सांगाल का?

दोरी_खुंटी:
मनगट दुखतंय म्हणजे मनगटाने फिरवताय. दांडा लांबीला कमी असेल तर कॉइल पायाजवळ राहते आणि टोकाला उचलल्याशिवाय रुंद स्विंग येतच नाही. ताठ उभे रहा, हात सैल सोडा, कोपर किंचित वाकलेलं, या अवस्थेत कॉइल पायाच्या पंजापुढे दोन फुटांच्या आसपास सपाट टेकली पाहिजे, नाहीतर दांड्याची भोकं बदला. दांड्यावरचा हात टेकवायचा कप कोपराच्या जरा खाली बसवा. मग हात जवळजवळ स्थिर ठेवून कमरेपासून वळा. कॉइलच्या नटाला पण हात लावा, फार घट्ट असेल तर कॉइल तिरकी अडकून राहते. एवढं करूनही कडेला उचलली जात असेल तर स्विंग एक मीटरवर आणा, त्यात काही कमीपणा नाही. आणि दर अर्ध्या तासाने हात बदला, डावा हात आठवडाभर वेडावाकडा जाईल मग बसेल.

नवा_हेडफोन:
अपडेट. दांडा दोन भोकं लांब केला, स्विंग मीटरभर, दोरी लावून तोच जुना पट्टा परत केला, साधारण १२ मीटर लांब आणि ३ रुंद. दव होतं. पहिल्या पाच मिनिटांत माझेही त्रिकोण दिसले, मग टोकाला थांबून पाऊल टाकायला लागलो तसे ते बंद झाले, शेवटचे चार-पाच मीटर सलग गडद. त्या "झालेल्या" पट्ट्यात नऊ सिग्नल निघाले, त्यातली पाच नाणी, एक पितळी बक्कल, बाकी पत्रा. बक्कल उभ्या फेरीत तुटक वाजत होतं म्हणून मी सोडलं होतं, आडव्या फेरीत स्वच्छ बोललं. खांदा दुखला पण कमी, डाव्या हाताने अजून सरळ जात नाही.