उबुंटू सोडून डेबियनकडे वळावे काय?

मुद्रितवाचक
"उबुंटू सोडा आणि डेबियन घ्या, अर्ध्या तासाचे काम आहे," हे या मंचावरचे कालचे विधान वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. उबुंटू आणि डेबियन या दोन्ही लिनक्सवर आधारलेल्या संगणक-प्रणाली. मी २०१० पासून उबुंटूवर पुस्तकांची मुद्रिते तपासतो. पडद्याची मांडणी म्हणून २०११ मध्ये युनिटी आले, २०१७ मध्ये पुन्हा ग्नोम आले, आणि दोन्ही वेळा हाताला लागलेले वळण मोडून नवे लावावे लागले. २२.०४ या आवृत्तीपासून एप्टकडे, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या नेहमीच्या साधनाकडे, फायरफॉक्स मागितला तरी पदरात स्नॅप हे उबुंटूचे वेगळ्या पद्धतीचे पॅकेजच पडते, हे मलाही पटत नाही. परंतु अर्ध्या तासात केवळ प्रणाली बसते. प्रिंटर, कळफलक आणि पंधरा वर्षांत जमवलेली शब्दयादी यांची घडी बसायला महिने लागतात.

देवराई
ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. प्रश्न सवयीचा नसून मालकीचा आहे. स्नॅपच्या दुकानामागचा सर्व्हर बंदिस्त आहे आणि त्याच्या किल्ल्या उबुंटू बनवणाऱ्या एकट्या कॅनॉनिकलकडे आहेत. याच कंपनीने २०१२ मध्ये डेस्कटॉपवरील शोधात अ‍ॅमेझॉनची उत्पादने आणून दाखवली होती, हे विसरायचे काय? डेबियन १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात. मुक्त नसलेले फर्मवेअर, म्हणजे वायफायसारखे भाग चालवणारे सॉफ्टवेअर, इन्स्टॉलरसोबत द्यावे की नाही, यावर २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतले आणि ते द्यायचे ठरवले, म्हणून डेबियन १२ पासून वायफायच्या जुन्या तक्रारीला फारसा आधार उरलेला नाही.

दर्याकाठ
तुम्ही दोघांनीही ज्याला हात लावला नाही ते सांगते. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" डोंगरातल्या. मी टंकित केलेल्या एका प्रवासवर्णनात सगळ्या दऱ्यांचा दर्या होऊन छापला गेला, कारण इंग्रजी उच्चारावरून टंकण्याच्या फोनेटिक कळफलकावर हा ऱ कोठे आहे, हे मला कोणीच सांगितले नव्हते. लेखकासमोर मान खाली घालावी लागली. नव्या प्रणालीत हा ऱ मिळणार आहे का, एवढेच मला विचारायचे आहे.

देवराई
त्याचा डिस्ट्रोशी, म्हणजे उबुंटू की डेबियन याच्याशी, काहीही संबंध नाही. कळफलकांचे आराखडे एक्सकेबी या लिनक्सच्या सामाईक भागातून येतात. जे उबुंटूत आहेत तेच डेबियनमध्ये आहेत. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग य या अक्षराची कळ, की झाला "ऱ्य". मराठीचा खरा कळवळा असेल तर फोनेटिकच्या कुबड्या टाकाव्यात.

दर्याकाठ
कुबड्या हा शब्द मागे घ्या. याच फोनेटिकवर मी तीन कादंबऱ्या टंकित केल्या आहेत. आणि प्रश्न ऱ पुरता नाही: पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श शासनाने २००९ मध्ये ठरवून दिले, तरी माझ्या पडद्यावर अजून हिंदी वळणाचाच ल उमटतो.

खिळेजुळारी
लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली असेल. ती मराठी करा. नोटोसारख्या फाँटमध्ये मराठी रूपे असतात, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमला कळावे लागते. नाहीतर लोहित मराठी घ्या. खरी अडचण युनिकोड ही अक्षरांची समान संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या फाँटांतील जुन्या फायलींची आहे. माझ्याकडे अशा शंभरेक आहेत आणि त्यांच्यासाठी विंडोजचे एक जुने यंत्र मी अजून जपून ठेवले आहे. त्या बाबतीत उबुंटू काय नि डेबियन काय, दोन्ही सारखीच. देवराईंना एकच सांगतो: डेबियनवर मी उबुंटूचे एक पीपीए, म्हणजे उबुंटूसाठीच्या जादा पॅकेजांचे भांडार, जोडले आणि पॅकेजांची अशी गुंतागुंत झाली की तीन दिवस काम बंद राहिले. चूक माझीच होती, पण उबुंटूची सवय असलेला माणूस हीच चूक करणार.

देवराई
कुबड्या हा शब्द मागे घेतो. तो लिहायला नको होता. पीपीएचा इशारा मी कालच द्यायला हवा होता, हेही मान्य करतो. मालकीचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

मुद्रितवाचक
तो मुद्दा मलाही नाकारता येत नाही, आणि हे मी नाखुषीने लिहीत आहे. तरीही मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातून स्नॅपविना फायरफॉक्स मिळतो आणि २४.०४ ला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत, तेव्हा घाई कशासाठी? हातातील पुस्तक संपले की जुन्या लॅपटॉपवर डेबियन १३ बसवीन, आणि त्यावर पहिली फाईल उघडीन ती दर्याकाठ यांच्या दऱ्यांची, त्यांनी ती पाठवली तर.