कोड चांगला असला की बाकी सगळं माफ?

रात्रपाळी: "आचारसंहिता, मॉडरेटर हे रिकामटेकड्यांचे उद्योग. लिनक्स शिव्या देत-खातच मोठं झालं." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम. ती शिव्यांमुळे नाही, शिव्या असूनही मोठी झाली. खुद्द लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नवी आचारसंहिताही तेव्हाचीच. माझा पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, अकरा ओळींचा होता. उत्तर आलं, "आधी शिकून या, मग आमचा वेळ खा." काय चुकलं, ते सांगितलंच नाही. त्या प्रकल्पाकडे मी परत फिरकलो नाही.

जुनाखिळा: एका वाक्याने पळालात? मी नऊ वर्षं फुकटात मेंटेनर आहे, म्हणजे प्रकल्प सांभाळतो. रीडमी (प्रकल्पाची माहितीची फाइल) न वाचता लोक रोज तेच विचारतात, वर "अजून झालं नाही?" हेही आहेच. त्याबद्दल कोण लिहिणार? आणि मॉडरेटर काय धुतल्या तांदळाचे? रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या अख्ख्या मॉडरेशन टीमने नोव्हेंबर २०२१ मध्ये राजीनामा दिला!

शाईपेन: अर्धवट सांगू नका. रस्टची सूत्रं सांभाळणारी कोअर टीम स्वतःशिवाय कुणालाच उत्तर द्यायला बांधील नव्हती, तिला नियम लावता येत नव्हते, म्हणून दिला राजीनामा.

जुनाखिळा: म्हणजे वरचे ऐकत नसतील तर मॉडरेटर शोभेचा. माझंच म्हणणं झालं.

शाईपेन: नाही झालं. तुमचंच दुखणं घ्या. २०२२ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या एकट्या मेंटेनरमागे अनोळखी नावांनी लोक हात धुऊन लागले होते. मानसिक त्रास आहे असं त्याने सांगितलं, तरी टोचणं चालूच. शेवटी एका "मदतनिसा"च्या हाती कोड बदलायचे हक्क गेले आणि त्यानेच बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, घुसवलं. मार्च २०२४ मध्ये ते सापडलं, तेही एसएसएचने (दूरच्या संगणकावर) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून कुणीतरी खणत बसलं तेव्हा. त्या मेलिंग लिस्टवर (प्रकल्पाच्या ईमेल-चर्चेत) "पुरे आता" म्हणणारं कुणी नको होतं का?

जुनाखिळा: हवं होतं. ते टोमणे वाचताना मला माझाच इनबॉक्स आठवला होता. पण मग मॉडरेटरने मेंटेनरची बाजूही घ्यावी, फक्त नवख्यांचे रुसवे काढू नयेत. रात्रपाळी, ते वाक्य कुणी तुम्हाला लिहायला नको होतं, एवढं मान्य. रिव्ह्यू, म्हणजे कोडची तपासणी, मात्र कडकच हवा.

रात्रपाळी: असू दे की कडक! व्हेरिएबलचं एक नाव चुकलं होतं, मला वर्षभराने स्वतःच कळलं. तेव्हा सांगितलं असतं तर पाच मिनिटांत दुरुस्त करून पाठवलं असतं.